जुनी दप्तरे आणि तरुण पिढी
(महोत्सवी समारंभात ग्रंथालयाविषयी झालेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी ग्रंथालयाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा झाली आहे. हल्लीची मुले वाचीत नाहीत, ही नेहमीची तक्रार आम्ही करणार नाही. त्यांच्या हाताला काही काम द्यावे असे आपण ग्रंथालयात ठेवले आहे काय, एवढेच विचारावयाचे आहे.

आपल्या भागाला विद्येचे वेड फार जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वरांची ‘मिताक्षरा’ तयार झाली. बिदरास बहामनी वजीर महमूद गवान याने १४७२ च्या सुमारास मदरसा उभारला. तेथे ३,००० हस्तलिखिते होती, असे सांगतात. याच वजिराचा १४८१ साली एका बनावट पत्रावरून शिरच्छेद झाला. कागद पारखून न वाचल्याचा परिणाम किती भयंकर होतो पाहा! पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग कोसळला. आज मनोरा उभा आहे, ग्रंथ मात्र गेले.

स्फोटाने ग्रंथसंग्रह एका दिवसात जातो. वाचणारा न उरल्याने तो हळूहळू जातो. हा दुसरा नाश आज आपल्या घरोघरी चालू आहे. माळ्यावरची पेटी उघडून पाहा. पणजोबांचा जमाखर्च मोडीत असतो. शेताचा कागद उर्दूत, कारण निजामी राज्याचा कारभार त्या भाषेत चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. त्यानंतरचे कागद कानडीत. शेत एकच, पण त्याची हकीकत तीन लिप्यांत विखुरलेली!

मुले कानडी शाळेत गेल्यामुळे मराठीला अंतरली, म्हणून काही पालक हळहळतात. आम्ही त्यांना सांगू इच्छितो की, या पेटीतला एक भाग तीच मुले वाचू शकतात. मोडी जाणणारे वडीलधारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. तेव्हा आजोबा आणि नातू यांनी एका सतरंजीवर बसावे. उर्दू कागदासाठी शेजारच्या मौलवीसाहेबांना किंवा निवृत्त उर्दू शिक्षकांना आदराने बोलवावे. १९४७-४८ च्या धामधुमीच्या आठवणी त्यांच्याही घरी आहेत. त्या ऐकल्यावाचून आपला इतिहास पुरा होणार नाही.

तेव्हाच्या बिदर जिल्ह्यातील निलंगा येथे १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण मुलांनी डोळ्यांपुढे ठेवावे. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी गोंडी व कोलामी भाषांची व्याकरणे लिहिली आणि मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रे मराठीत आणली. अनेक भाषांच्या सीमेवर जन्मणे ही अडचण नसून भांडवल आहे, हे त्यांनी दाखविले.

आमची सूचना साधी आहे. दर रविवारी ग्रंथालयात एक तास जुन्या कागदांसाठी राखावा. मुलांनी कागदाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मूळ कागद मालकाच्याच घरी राहावा. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये; स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावा. एका वहीत घर, गाव, लिपी, विषय आणि सन यांची नोंद करावी. निजामी कागदावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळविले की इसवी सनाचा ढोबळ मेळ बसतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. असे एक कोडे सुटले की मूल दुसरा कागद आपण होऊन मागते, आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी कपाटातील इतिहासाचे पुस्तकही उघडते.

कागदांत कर्जे निघतील, भाऊबंदकी निघेल. घरच्यांच्या परवानगीवाचून त्यांची वाच्यता होऊ नये, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा.

संस्थेने कपाटे दिली, पुस्तके दिली. त्याबद्दल विश्वस्तांचे आम्ही ऋणी आहोत. आता वडीलधाऱ्यांनी आपला वेळ द्यावा. पेटी पुढच्या वर्षी उघडली तरी कागद कदाचित जागेवर असतील. तो वाचून दाखविणारे आजोबा असतील, याची हमी कोण देणार? म्हणून येत्या रविवारीच आरंभ व्हावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.