मोबाइल काय मोजतो आणि काय ताडतो



गावात एखादी नवी वस्तू आली, की तिच्याविषयीचे प्रश्न शेवटी शाळेच्या ओट्यावर येतात, ही कोकणातील जुनी रीत आहे. रेडिओच्या काळी असे झाले, विजेच्या काळी झाले आणि आता स्मार्टफोन व स्मार्ट घड्याळ यांच्या काळीही तेच घडत आहे. घड्याळ नाडी सांगते, मग ते साखरही सांगेल काय? फोनवर निळा ठिपका दिसतो, मग त्याच्या भरवशावर रात्री होडी किनाऱ्याला लावावी काय? असे प्रश्न गुरुजींना आणि बाईंना विचारले जातात. त्यांच्या उत्तरावर कोणी औषधाची मात्रा ठरवील, तर कोणी समुद्रात जाण्याचे ठरवील. म्हणून या यंत्रांच्या पोटात काय चालते, याचे साधे पण खरे ज्ञान प्रत्येक शिक्षकाजवळ असणे अगत्याचे आहे.

फोनमध्ये जे लहान लहान संवेदक, म्हणजेच रूढ भाषेत सेन्सर, बसवलेले असतात, त्यांतील प्रत्येक संवेदक केवळ एकच भौतिक गोष्ट मोजतो. कोणी ओढ मोजतो, कोणी चुंबकत्व, कोणी प्रकाश, तर कोणी हवेचा भार. त्यापुढे पडद्यावर जे दिसते, म्हणजे पावले, दिशा, झोप, थकवा इत्यादी, ते त्या मोजमापावरून हिशेबाने ताडलेले असते. मोजणे आणि ताडणे यांतील हा भेद ज्याला कळला, त्याला या यंत्रांचा उपयोगही करता येईल आणि त्यांच्या मर्यादाही ओळखता येतील.

प्रथम त्वरणमापक घेऊ. फोन आडवा केला की चित्र आडवे होते, ते याच्यामुळे. सिलिकॉनच्या चकतीवर एक अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले असते. त्याला केसाच्या जाडीहूनही बारीक असे फणीसारखे दाते असतात व ते शेजारच्या स्थिर दातांमध्ये गुंतवलेले असतात. धक्का बसला की वजन किंचित सरकते, दात्यांमधील अंतर बदलते आणि त्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. हा बदल म्हणजेच मोजमाप होय. फोन टेबलावर स्थिर असतानाही पृथ्वीच्या आकर्षणामुळे तेथे सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हा आकडा दिसतो. तोच फोन उंचावरून मऊ गादीवर सोडला, तर पडत असताना आकडा जवळजवळ शून्यावर येतो. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूला आपले वजन जाणवत नाही, हा मोठ्या वर्गांतील धडा येथे डोळ्यांना दिसतो.

याच त्वरणमापकावरून पावले मोजली जातात अशी समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही. चालताना शरीराला ठरावीक लयीचे हेलकावे बसतात. तशी लय दिसली की यंत्र पावले पडली असे ताडते. त्यामुळे रापण ओढणाऱ्याच्या मनगटावरील घड्याळ, तो जागच्या जागी उभा राहून हात हलवीत असला तरी, पावले वाढवू शकते. उलट डोक्यावरचा हंडा एका हाताने धरून विहिरीवरून येणाऱ्या बाईच्या त्याच हातात घड्याळ असेल, तर हात झुलत नसल्यामुळे तिची कित्येक पावले हिशेबात येत नाहीत. कष्ट दोघांनीही केले. यंत्राला मात्र हाताची हालचाल तेवढी कळली.

त्वरणमापकाच्या जोडीला जायरोस्कोप असतो. तो वळण्याची गती मोजतो. त्यातील एक सूक्ष्म वजन सतत कंप पावत असते. फोन वळला की ते वजन बाजूला ढळते व त्या ढळण्यावरून वळण्याचा वेग कळतो. तिसरा सोबती म्हणजे चुंबकमापक, अर्थात फोनमधील होकायंत्र. पृथ्वीचे चुंबकत्व अतिशय क्षीण असते. जवळ लोखंडी कपाट, मोटारीचे इंजिन किंवा ध्वनिक्षेपक असेल, तर त्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वावर सहज मात करते आणि बाण चुकीची दिशा दाखवतो. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवावा असे जे सांगतात, ते अशा जवळच्या चुंबकत्वाचा हिशेब वजा करण्यासाठी. यांत्रिक होडीच्या इंजिनाशेजारी धरलेल्या फोनच्या बाणावर विसंबू नये, हे मच्छीमारांच्या मुलांना जरूर सांगावे.

आता जागा दाखवणाऱ्या व्यवस्थेकडे वळू. उपग्रह वरून फोनकडे पाहतो व तो कोठे आहे ते सांगतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः उपग्रहाला फोनचा पत्ताही नसतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि अचूक वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात. फोन फक्त ऐकतो. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला, यावरून तो प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे स्वतःची जागा व घड्याळातील चूक ही दोन्ही त्याला काढता येतात. प्रकाशाच्या वेगाने धावणारी रेडिओलहर एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते. यावरून वेळ किती काटेकोर मोजावी लागत असेल, याची कल्पना येईल. सर्वसामान्यांसाठीच्या संदेशात अमेरिका पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. ती प्रथा मे २००० मध्ये बंद झाली. भारतानेही नाविक नावाची स्वतःची व्यवस्था उभारण्यास घेतली आणि तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला.

हे ऐकण्याचे काम मोबाइलच्या मनोऱ्यावाचून होते. म्हणून किनाऱ्यापासून दूर, जेथे फोन लागत नाही, तेथेही जागा कळू शकते. नकाशा मात्र आधीच उतरवून घेतलेला असावा लागतो. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण पाच मीटरांच्या आत राहते. दाट माडबागेत किंवा डोंगराच्या कुशीत ती वाढते. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. निळा ठिपका फोनची जागा दाखवतो. पाण्याखाली काय आहे, ते तो दाखवीत नाही. मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला यांच्या आसपासचा समुद्र खडकांनी भरलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले, त्या वेळी या खडकांचे संरक्षण हाही त्या जागेचा एक गुण होता. रस्ते दाखवण्यासाठी केलेल्या साध्या नकाशावर हे खडक नसतात. डोंगराचे टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून वाट काढणाऱ्या वडीलधाऱ्या तांडेलाचे ज्ञान अजून कालबाह्य झालेले नाही. फोन त्याच्या सोबतीला घ्यावा. त्याच्या जागी बसवू नये.

काही फोनमध्ये, सर्वच फोनमध्ये नव्हे, वायुभारमापक असतो. टॉरिसेलीने पाऱ्याच्या नळीने जे काम केले, तेच येथे एक सूक्ष्म पडदा करतो. हवेच्या भाराने तो वाकतो व त्या वाकण्यावरून भार कळतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे साडेआठ मीटर चढले की भार एक हेक्टोपास्कलने कमी होतो. किनाऱ्यावरून आंबोलीपर्यंत घाट चढून गेल्यास आकडा सुमारे ७५ ते ८० हेक्टोपास्कलने उतरलेला दिसेल. सहलीत मुलांकडून याची नोंद करून घेतल्यास भूगोलाचा एक पाठ आपोआप होईल.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. उष्ण कटिबंधात हवेचा भार रोज ठरावीक वेळी चढतो व उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो अधिक असतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलने कमी होतो. दुपारचा हा उतार पाहून वादळ येणार असे कोणी ताडले, तर त्याला रोजच वादळ दिसेल. तसेच आकडा स्थिर आहे म्हणून समुद्र सुरक्षित आहे, असेही समजू नये. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. अशा वादळाची वर्दी उपग्रह, जहाजे आणि हवामान केंद्रे यांच्या एकत्रित निरीक्षणांतून मिळते, एका खिशातील यंत्रातून नव्हे. होडी लोटावी की नाही, हे हवामान खात्याचा इशारा व बंदरावरील बावटा पाहूनच ठरवावे.

अनेक यंत्रे एकत्र आली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण भूकंपाचे आहे. एक फोन हलला, तर टेबलाला धक्का लागला की जमीन हादरली, हे त्याला निश्चित कळत नाही. परंतु एका प्रदेशातील पुष्कळ स्थिर फोन एकाच सुमारास हादरले, तर भूकंपाचा संशय बळावतो. या तत्त्वावर गूगलने अँड्रॉइड फोनसाठी उभारलेली पूर्वसूचनेची व्यवस्था भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण ठेवणाऱ्या मुलखाला तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. फोनमधला त्वरणमापक तोच आहे. साक्षीदार वाढले म्हणून निष्कर्षाला बळ आले.

शेवटी स्मार्ट घड्याळाकडे येऊ. कारण येथे प्रश्न जिवाचा असतो. घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त वाढते व ओसरते, त्यामुळे परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो. संवेदक मोजतो तो हा प्रकाश. नाडी त्यावरून ताडली जाते. गुंडाळलेल्या टॉवेलावर किंवा केळ्यावर बांधले असताही काही घड्याळे नाडीचा आकडा दाखवतात, याचे कारण हेच. वर्गात हा प्रयोग केल्यास मुले हसतील आणि जन्मभर विसरणार नाहीत.

रक्तातील प्राणवायूचे प्रमाण तांबड्या व अवरक्त प्रकाशाने ताडतात. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू सोडलेले रक्त हे दोन प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात, या गुणाचा उपयोग करण्याची पद्धत जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. परंतु २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की बोटाला लावण्याची रुग्णालयातील यंत्रेसुद्धा काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या मानाने सुमारे तिप्पट वेळा नजरेआड करीत होती. रुग्णालयातील यंत्राची ही कथा, तर मनगटावरील घड्याळाकडून किती अपेक्षा ठेवावी? रोग्याला धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर घड्याळाचा आकडा चांगला असला तरी त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

साखरेविषयी तर स्पष्टच सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर केले, की त्वचेला न टोचता रक्तातील साखर स्वतः मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला त्याने मान्यता दिलेली नाही. त्वचेत बारीक तंतू रुतवून बसवण्याचे वैद्यकीय यंत्र वेगळे. त्याचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, पण मोजणी घड्याळ करीत नाही. नुसत्या प्रकाशाने साखर कळते असे सांगून विकलेल्या घड्याळावर विसंबून कोणी इन्सुलिनची मात्रा वाढवली, तर साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. गावात असे घड्याळ कोणी आणले, तर शिक्षकाने संकोच न करता त्याला सावध करावे.

या विषयासाठी शाळेला नवी सामग्री लागत नाही. एकच फोन व एक वही पुरेशी आहे. वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. एकावर ‘यंत्राने मोजले’ व दुसऱ्यावर ‘यंत्राने ताडले’ असे लिहावे. मुलांनी घरच्या फोनवर व घड्याळावर जे जे आकडे पाहिले असतील, ते त्यांनी विचार करून योग्य रकान्यात भरावेत. मग एका मुलाने शंभर पावले मोजून चालावे व फोन किती सांगतो ते पाहावे. नाडी बोटांनी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी व घड्याळाशी ताडून पाहावी. फोनमधील होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ नेऊन पुन्हा मोकळ्या मैदानात आणावे. प्रत्येक वेळी फरक किती व तो का पडला, हे मुलांनीच सांगावे.

असा अभ्यास केलेला मुलगा घरी जाऊन आजोबांना सांगेल, की या घड्याळाने तुमची साखर पाहिलेली नाही, तपासणीसाठी आरोग्य केंद्रात चला. शिकवण्याचे चीज तेथे झाले असे समजावे.