आधी भाजक विचारा

मालगाड्या चालवणाऱ्या कंपनीचा शेअर शरियतच्या कसोटीवर कसा तपासायचा, ते आज बोलू. उदाहरण अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिकचं. ज्यांची मुलं तिकडे नोकरीला आहेत त्यांच्या घरात हा प्रश्न निघतोच. मोबाइलवरचं ॲप हिरवी खूण दाखवतं आणि पोरं निर्धास्त होतात. बाबांनो, ती खूण मानण्याआधी विचारा, कर्जाला कशाने भागलं?

धंदा तुम्हाला ठाऊकच आहे : धान्य, कोळसा, रसायनं, मोटारी, कंटेनर. मेक्सिकोची बिअरही याच रुळांवरून येते आणि लोक तिच्यावरच तासभर वाद घालतात. वर्ज्य उत्पन्न पाच टक्क्यांच्या आत हवं, लाभांशातला तेवढा हिस्सा दान करायचा, हे ठरलेलं आहे. खरा पेच कर्जाचा, आणि तिकडे कोणी बघत नाही.

2024 च्या अखेरीस कंपनीवर सुमारे 31 अब्ज डॉलर कर्ज होतं. बहारीनच्या आओइफी संस्थेचं मानक म्हणतं, व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या 30 टक्क्यांच्या आत हवं. बाजारमूल्य होतं 138 अब्जांच्या आसपास. म्हणजे 23 टक्के, कंपनी पास. आता एमएससीआयचे मूळ इस्लामी निर्देशांक घ्या. ते एकूण मालमत्तेने भागतात, मर्यादा 33.33 टक्के. मालमत्ता 68 अब्जांच्या घरात, उत्तर 46 टक्के. नापास! कंपनी तीच, कर्जही तेच.

दुधात पाणी किती, हे उकळत्या पातेल्यात डोकावून ठरवाल का? उकळी येते, दूध काठापर्यंत चढतं आणि तेवढंच पाणी थोडं वाटायला लागतं. गॅस बंद केला की दूध खाली बसतं. पाणी होतं तेवढंच असतं. शेअरचा भाव ही ती उकळी. भाव एक तृतीयांशाने उतरला, तर कंपनीने एक डॉलरही नवा न उचलता 23 टक्क्यांचे 34 होतात. म्हणून डाऊ जोन्सचे शरिया निर्देशांक 24 महिन्यांच्या सरासरी बाजारमूल्याने भागतात आणि एस अँड पीचे 36 महिन्यांच्या. पातेल्यात पुन्हा पुन्हा बघून अंदाज बांधावा तसं. मालमत्तेने भागणं म्हणजे लॅक्टोमीटर बुडवणं. पण दूध कोमट असेल तर तोही पाणी जास्त दाखवतो. इथेही तसंच होतं. 1862 च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याच्या काळापासूनची रुळांखालची जमीन ताळेबंदात जुन्याच किमतीला पडून असते, म्हणून मालमत्ता कमी आणि कर्जाचं प्रमाण जास्त दिसतं.

तरी माझा कल लॅक्टोमीटरकडे आहे, कारण तो बाजाराच्या तेजीने हलत नाही. तुमच्या आलिमसाहेबांनी दुसरं माप सांगितलं तर तेही घ्या. मात्र कंपनी बघण्याआधी घ्या, आणि शेअर आवडला म्हणून नंतर बदलू नका. हे पुन्हा सांगतो, कारण सगळी गफलत इथेच होते : माप आधी, कंपनी नंतर.

गुंतवणूकदार ऑपरेटिंग रेशोचं फार कौतुक करतात. 2024 मध्ये तो 59.9 होता, म्हणजे शंभर डॉलर आले आणि साठच्या आत खर्च झाला. कारभार उत्तम, यात वाद नाही. पण या हिशेबात व्याज धरलेलंच नसतं! त्या वर्षी व्याजापोटी सव्वा अब्ज डॉलरहून जास्त गेले. 2013 मध्ये कर्ज साडेनऊ अब्जांच्या आसपास होतं, 2022 मध्ये 33. याच काळात कंपनीने स्वतःचेच शेअर मोठ्या प्रमाणावर परत विकत घेतले. गाड्या किती वक्तशीर आहेत एवढंच बघणाऱ्याला हे दिसणार कसं?

वेळ संपत आली. जुलै 2025 मध्ये कंपनीने नॉरफोक सदर्न ही दुसरी रेल्वे कंपनी विकत घेण्याचा करार जाहीर केला. त्यात रोखीचा भाग सुमारे 20 अब्ज डॉलरचा, बाकी शेअर. निर्णय तिथल्या रेल्वे नियामकाचा, म्हणजे सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाचा. व्यवहार झाला तर कर्ज आणि भाजक दोन्ही बदलतील, तेव्हा जुन्या हिरव्या खुणेवर विसंबू नका; नवा ताळेबंद आला की पुन्हा भागाकार करा. आणि घेतलेला शेअर कसोटीतून बाहेर पडला तर तो लगेच विकायचा की थोडा थांबून, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. तोटा होत असेल तर काय, हाही प्रश्न आहेच, पण तो आता पुढच्या भाषणात.