आधी धोका सांगा, मग पावती फाडा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या आंजीत दारी येणारा ठेवीचा एजंट बहुधा नात्यातलाच असतो. म्हणून आपण विचारत नाही, अन् तोही सांगत नाही. पर्ल्स म्हणजे पीएसीएल कंपनीने शेतजमिनीच्या नावावर देशभरातील सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून पैसा गोळा केला. त्या योजनेला सेबीची नोंदणीच नव्हती! ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा हुकूम काढला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी न्या. लोढा समिती नेमावी लागली. आपली जमीन कोणत्या गावची, हे किती एजंटांनी सांगितले असेल?

आम्ही गिरणीवाले. हिशोबाचे पैसे हाती पडले की गोड बोलणारे कसे जमतात, हे आम्ही पाहिले आहे. दामदुप्पट सांगतात. बुडाले तर काय, हे काहून सांगत नाही?

एजंटकी करणाऱ्या आपल्या पोरांवर आमचा राग नाही, घर तर चालवावेच लागते. पण बाबांनो, नोंदणी कोणाची, मुदतीआधी पैसे काढले तर किती कापतील, तुमचे कमिशन किती, हे आधी बोला. बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतील ठेवीला तो नाही, हेही सांगा. गिऱ्हाईक जाईल म्हणता? जाऊ द्या. कंपनीचा साहेब शहरात राहतो. पैसे बुडाले तर लोक तुमच्याच दारी येतील.

ज्या मायबहिणींना कागद वाचता येत नाही, त्यांनी सही करण्याआधी तो विहारात आणावा. आम्ही बसून वाचून देऊ.