शस्त्रांचा हिशेब आणि दोन किल्ल्या
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निःशस्त्रीकरण हा जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या मोठ्या माणसांचा विषय आहे, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु पुणेकरांना तसे म्हणता येणार नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. देहूरोडला लष्कराचे डेपो आहेत आणि त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. एकीकडे दारूगोळा, दुसरीकडे तथागत, अशा वस्तीत आपली माणसे राहिली. कित्येक घरांच्या चुली या पगारावर पेटल्या, मुले शिकली. तेव्हा प्रश्न असा, की ज्याची भाकरी शस्त्रावर, त्याने निःशस्त्रीकरणाविषयी बोलावे काय?

आम्ही म्हणतो, अवश्य बोलावे. निःशस्त्रीकरण म्हणजे एकट्याने हात रिकामे करून उभे राहणे नव्हे. सर्वांनी मिळून मोजायचे, मोजलेले परस्परांस दाखवायचे आणि ठरल्याप्रमाणे कमी करायचे, असा त्याचा अर्थ आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य युद्धाला निघाले, तेव्हा सिद्धार्थ नुसते 'युद्ध नको' म्हणून थांबले नाहीत. दोन माणसे शाक्यांनी व दोन कोलियांनी निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, अशी सूचना त्यांनी मांडली. संघाने ती मानली नाही. तरीही शांततेसाठी सदिच्छेबरोबर यंत्रणाही लागते, हा धडा त्यातून मिळतो.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. एकमेकांवर अविश्वास म्हणून नव्हे. दोघांवरही बालंट येऊ नये म्हणून. रोज रोकड मोजायची, वहीशी ताळा करायचा, आणि तपासनीस न सांगता आला तरी वही पुढे करायची. शस्त्रनियंत्रणाचे कामही असेच चालते. आपल्या महाराष्ट्रातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. त्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आल्या. तेथील इंधन शस्त्राकडे वळू नये म्हणून परदेशी तपासनीस इंधन मोजतात, मोहोर लावतात, नोंदवहीशी ताळा पाहतात.

आता न्यायाचा प्रश्न. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारानुसार १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला, तीच अण्वस्त्रधारी राष्ट्रे. बाकीच्यांनी अण्वस्त्र बाळगायचे नाही. तारखेवरून कोणी वर आणि कोणी खाली! जन्मावरून पायरी ठरविणारी व्यवस्था आपणांस कोणी समजावून सांगावी लागत नाही. भारताने या करारावर सही केली नाही, त्यामागे विषमतेचा हा आक्षेप आहे.

पण विषमतेवर उपाय कोणता? आपणही वरच्या पायरीवर चढून बसणे, की पायऱ्याच मोडणे? १९७४ चा पोखरणचा स्फोट जगभर 'स्मायलिंग बुद्ध' या नावाने ओळखला जातो, आणि ११ मे १९९८ च्या चाचण्या नेमक्या बुद्धपौर्णिमेला झाल्या. देशाच्या संरक्षणाची गरज आम्ही नाकारीत नाही. परंतु करुणेच्या शास्त्याचे नाव अणुबॉम्बला चिकटावे, याचे दुःख आपण लपवू नये.

पायऱ्या मोडता येतात, याचा दाखला आहे. रासायनिक शस्त्रबंदीचा करार लहानमोठ्या सर्व सदस्य राष्ट्रांना सारखाच लागू होतो. भारताने त्यावर १९९३ साली सही केली आणि १९९६ साली त्याला मान्यता दिली. २९ एप्रिल १९९७ रोजी तो अमलात येताच त्याच वर्षी भारताने आपल्याजवळील साठा जाहीर केला आणि आंतरराष्ट्रीय तपासनिसांच्या देखत २००९ पर्यंत तो नष्ट केला. अमेरिकेने आपला अखेरचा साठा जुलै २०२३ मध्ये संपविला, तेव्हा सदस्य राष्ट्रांनी जाहीर केलेले सारे साठे नष्ट झाले. एक संपूर्ण शस्त्रप्रकार हिशेबातून वजा झाला! या कामाची देखरेख करणाऱ्या हेग येथील संस्थेला २०१३ चे शांततेचे नोबेल मिळाले.

शेजाऱ्याशीही हे जमते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या केंद्रांच्या याद्या देतात. कारगिलची लढाई झाली, तरी हा रिवाज मोडला नाही. २०२५ च्या १ जानेवारीला ३४ व्यांदा याद्या दिल्या गेल्या.

विद्यार्थी मित्रहो, परराष्ट्रखाते, प्रयोगशाळा, तपासनिसांच्या तुकड्या येथे आपली मुले-मुली गेली पाहिजेत. रसायनशास्त्र शिका, आंतरराष्ट्रीय कायदा शिका. खडकीत आपल्या वडिलांनी गोळे भरले, त्यात कमीपणा नाही. ते मोजून कमी करण्याचे कामही आपल्याच घरातून कोणी करावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. दुसरी किल्ली आपल्या हाती यावी.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवितो. नमो बुद्धाय! जय भीम!