ज्ञानाचें वाहन

काय शिकवावें याचा विचार सर्वच करतात. तें कोणत्या साधनानें पोंचवावें याचा विचार मात्र थोडेच करतात. वास्तविक साधनाची निवड हें शिक्षणाचेंच एक अंग आहे. ती चुकली तर उत्तम धडाही वायां जातो, आणि कधीं कधीं त्यापायीं प्राणही जातात.

अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या श्रीगाडगे महाराजांस स्वच्छता, व्यसनमुक्ति व मुलांचें शिक्षण हे विषय लोकांच्या गळीं उतरवावयाचे होते. श्रोते बहुतेक निरक्षर. तेथें पत्रकें वांटून कार्य साधलें नसतें. महाराजांनीं सर्वांच्या परिचयाचें कीर्तन निवडलें, भाषा वऱ्हाडी ठेवली, आणि समोरच्यांस प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदविलें. रात्रीं जें सांगावयाचें, तें दिवसां हातीं खराटा घेऊन गांव झाडतांना दाखविलेलें असे. ऐकणें, पाहणें आणि उत्तर देणें या तिन्ही वाटा तेथें एकत्र आल्या.

नभोवाणीचा आवाज हजारों घरीं पोंचतो. परंतु ऐकणारास उलट विचारतां येत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा प्रयोग १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें पांच जिल्ह्यांत केला. सुमारें दीडशें गांवीं श्रोतृमंडळें स्थापन झालीं. कार्यक्रम ऐकून तीं चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. मंडळें होतीं तेथें लोकांच्या माहितींत स्पष्ट भर पडली. नुसता रेडिओ होता तेथें ती अल्पच राहिली. यंत्र तेंच, फरक पडला तो चर्चेनें.

कांहीं गोष्टी मात्र पाहिल्यावांचून पटत नाहींत. १९६९ सालीं स्थापन झालेलें अकोल्याचें कृषि विद्यापीठ शिवारफेरींत शेतकऱ्यांस उभें पीकच दाखवितें, तें याचसाठीं.

आतां उलट बाजू पाहावी. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या वेळीं विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले. कारणें अनेक होतीं. परंतु एका गोष्टीकडे शिक्षकाचें लक्ष गेल्यावांचून राहणार नाहीं. कीटकनाशकाच्या डब्यावर सावधगिरीच्या सूचना असतात, पण त्या बारीक अक्षरांत. तेथेंच एक रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हा संकेत निरक्षरासही कळण्याजोगा आहे. मात्र तो कोणीं तरी एकदां समजावून द्यावयास हवा. शिवाय पुष्कळदां मजुराच्या पाठीवर चढतो तो औषध भरलेला पंप. डबा त्याच्या दृष्टीसही पडत नाहीं. मजकूर निर्दोष, पण वाहन चुकलें. हाच धडा फवारणीपूर्वीं बांधावर, त्याच्या बोलींत, तोंडावर फडकें व हातांत मोजे चढवून दाखविला पाहिजे.

आज घरोघरीं मोबाईल आहे, आणि चित्रफीत पाठविली म्हणजे शिकविलें, असा सुशिक्षितांचाही समज होऊं पाहत आहे. घरांतील मुलास असो वा वृद्धास, कांहीं शिकवावयाचें झाल्यास आधीं तीन गोष्टी पाहाव्या. हा विषय ऐकून कळेल, पाहून कळेल, कीं हातानें करूनच कळेल? साधन शिकणाराच्या हातीं योग्य वेळीं असेल काय? आणि शंका आली तर त्यानें ती कोणास विचारावी? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्या साधनापाशीं नाहीं, त्याच्या जोडीला एक जाणता माणूस बसविलाच पाहिजे.