तीन सेकंदांची विद्या

पिस्तुलाची नेमबाजी म्हटली कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें धाडस उभें राहतें. वस्तुतः पंचवीस मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेंत धाडसाला फारसें काम नसतें. पिस्तूल एकाच हातानें धरावयाचें. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाहीं. पहिल्या तीस गोळ्या सावकाश झाडावयाच्या. पुढच्या तिसांतील प्रत्येक गोळीला मात्र तीनच सेकंदांची मुभा. मग सात सेकंद थांबावयाचें, आणि तेवढ्यांत हात खालीं आणलाच पाहिजे. हात उचलणें, तो स्थिर करणें व चाप ओढणें, हें सारें त्या तीन सेकंदांत. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनीं हीच विद्या आपलीशी केली.

सरनोबत हा शिवकालांतील सेनापतीचा हुद्दा. आडनांव असें लष्करी असलें, तरी राही ह्यांच्या हातीं बंदूक आली ती शाळेंतील छात्रसेनेमुळें. त्यांच्याच शाळेंत शिकलेल्या तेजस्विनी सावंत ह्यांनीं 2006 सालीं मेलबर्न येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदकें मिळविलीं, आणि राही ह्यांना ह्या खेळाचें वेड लागलें. घरच्या माणसाचें यश जितकें शिकवितें तितकें परक्याचें शिकवीत नाहीं.

पुढचीं पावलें झपाट्यानें पडलीं. 2008 सालीं पुण्याच्या राष्ट्रकुल युवक स्पर्धेंत सुवर्ण. 2010 सालीं दिल्लीस अनिसा सय्यद ह्यांच्या जोडीनें सुवर्ण. 2012 सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत ह्या प्रकारांत सहभाग. 2013 सालीं कोरियांतील चांगवॉन येथें त्यांनीं विश्वचषक स्पर्धेचें सुवर्णपदक जिंकलें. पिस्तुलांत हा मान मिळविणारे भारतीय त्यापूर्वीं कोणीच नव्हते.

ग्लासगोचें 2014 चें सुवर्णपदक पदरीं पडलें, आणि मग कोपर दुखावलें. गवयाचा गळा बसावा, तसाच हा प्रकार. रिओचें 2016 चें ऑलिंपिक हुकलें. खेळच सोडावा, असाहि विचार मनांत येऊन गेला. पण दोन ऑलिंपिक पदकें मिळविलेल्या मुंखबायार दोर्जसुरेन ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं नव्यानें धडे गिरविले.

22 ऑगस्ट 2018. इंडोनेशियांतील पालेंबांग. आशियाई क्रीडास्पर्धेची प्राथमिक फेरी गाजविली ती सोळा वर्षांच्या मनू भाकर ह्यांनीं. राही सातव्या होत्या. अंतिम फेरींत मात्र चित्र पालटलें. पन्नास गोळ्या संपल्या तेव्हां राही आणि थायलंडच्या नाफस्वान यांगपायबून, दोघींचेहि 34 गुण. निकालासाठीं पांच जादा गोळ्या. पुन्हां बरोबरी, चार-चार. आणखी पांच गोळ्या. दमलेला हात आणि तेच तीन सेकंद! राही ह्यांच्या तीन गोळ्या लागल्या, प्रतिस्पर्धिणीच्या दोन. आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्णपदक भारतीय स्त्रीस प्रथमच लाभलें, तें ह्या एका गोळीच्या फरकानें.

त्यानंतर 2019 सालीं म्युनिकला आणि 2021 सालीं क्रोएशियांतील ओसियेकला विश्वचषकाचीं आणखी सुवर्णपदकें मिळालीं. टोकियोच्या ऑलिंपिकांत मात्र अंतिम फेरी गांठतां आली नाहीं. पुढें मज्जातंतूंच्या व्यथेनें त्यांना अंथरुणास खिळविलें. त्यांतून उठून 2025 सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेंत, उत्तराखंडांत, त्यांनीं पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक महाराष्ट्रासाठीं परत आणलें.