रचलेलें आणि टिपलेलें

चित्रपट पाहण्याचा ज्यांचा नेमच आहे अशा पुण्याच्या एका वृद्ध गृहस्थांचें फार दिवसांपासूनचें एक मत होतें. कथापट हा रचलेला, म्हणून खोटा. माहितीपट हा टिपलेला, म्हणून खरा. एकांत नट रडतो, दुसऱ्यांत माणूस रडतें. हें मत त्यांनीं घरांतील मंडळींस इतक्या वेळां ऐकविलें होतें कीं, तें डळमळल्याचें कबूल करणें त्यांना पुढें जड गेलें.

पहिला धक्का दिला तो चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'नें. २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला व नंतर त्यास राष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें. गटार साफ करणारा एक कामगार मरण पावतो. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळें तो आत्महत्येस प्रवृत्त झाला असा आरोप शाहिरावर येतो, आणि खटला तारखांमागून तारखा घेत रेंगाळतो. "मामंजी, यांत कोणी मोठ्यानें बोलत सुद्धां नाहीं हो," अशी सूनबाईंची तक्रार. गृहस्थांना नेमकें तेंच आवडलें. कॅमेरा एके जागीं उभा राहतो आणि माणसें त्याच्यासमोर आपआपलीं कामें करतात. सरकारी वकीलबाई दिवसा जुनीं कलमें वाचून दाखवितात आणि संध्याकाळीं लोकलनें घरीं परतून स्वयंपाकाला लागतात. त्यांना खलनायिका ठरविणें फार सोपें होतें. दिग्दर्शकानें तो मोह टाळला.

परंतु गृहस्थांच्या मनांत रुतली ती मृताच्या पत्नीची साक्ष. ती अश्रु ढाळीत नाहीं. नवरा गटारांत उतरण्यापूर्वीं आंत खडा टाकी. झुरळें बाहेर आलीं कीं आंत हवा आहे असें समजे. हें ती बाजारभाव सांगावा तितक्या शांतपणें सांगते. हें रचलेलें आहे हें ठाऊक असूनहि गृहस्थांना त्याला खोटें म्हणवेना.

दुसरा धक्का उलट बाजूनें आला. बुंदेलखंडांतील ज्या स्त्रिया 'खबर लहरिया' हें वृत्तमाध्यम चालवितात, त्यांच्यावर रिंटू थॉमस व सुश्मित घोष यांनीं २०२१ सालीं 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट काढला. तो ऑस्करच्या अंतिम यादींत गेला. गृहस्थ त्याची मनापासून स्तुति करीत असत. हातांत मोबाइल घेऊन खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या, पोलीस ठाण्यांत निर्भयपणें प्रश्न विचारणाऱ्या त्या स्त्रिया कोणाला आवडणार नाहींत? परंतु २०२२ च्या मार्च महिन्यांत, पारितोषिक समारंभ तोंडावर आला असतां, 'खबर लहरिया'नेंच जाहीर केलें कीं, चित्रपट प्रभावी असला तरी त्यांत दिसणारें आमच्या कामाचें चित्र यथार्थ नाहीं. आम्ही एकाच पक्षाच्या मागें लागलों आहों असा समज त्यांतून होतो. आतां काय म्हणावें? चित्रें खरीं, माणसें खरीं, आणि ज्यांचीं तीं चित्रें त्यांनाच तीं पटत नाहींत! वर्षांनुवर्षें चाललेल्या कामांतून दीड तास निवडावयाचा म्हणजे कात्री आलीच, आणि कात्री ज्याच्या हातीं, रचना त्याचीच. कथापटांतील पात्र अशी तक्रार करूं शकत नाहीं, ही त्याची एक सोय म्हणावी लागेल.

पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'बद्दल, ज्याला २०२४ सालीं कान येथें ग्रां प्री हा सन्मान मिळाला, गृहस्थांचें मन दुभंगलेलें आहे. (या बाई पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थिनी, म्हणजे जुन्या प्रभातच्याच अंगणांत वाढलेल्या, हें ते आवर्जून सांगतात.) आरंभीं मुंबईचा रात्रीचा बाजार आणि परगांवाहून आलेल्या माणसांचे आवाज, हें सारें माहितीपटाचें. जर्मनींतील नवऱ्याकडून आलेला तांबडा भाताचा कुकर परिचारिका प्रभा छातीशीं धरते, तेथें शब्दाची गरजच उरत नाहीं. पण कथा रत्नागिरीस गेल्यावर समुद्रांतून वाचविलेला माणूस तिच्याशीं नवरा होऊन बोलतो, हें त्यांना रुचलें नाहीं. कुकरनें जें सांगितलें तें पुन्हां तोंडानें वदविण्याचें काय कारण?

सध्यां ते 'ऑल दॅट ब्रीद्स'चें नांव घेतात. शौनक सेन यांचा २०२२ चा हा माहितीपट. दिल्लीच्या वजिराबादेंत नदीम व सऊद हे बंधु मांजानें पंख कापलेल्या, धुरकट आकाशांतून कोसळणाऱ्या घारींवर तळघरांत उपचार करतात. आरंभीं एका पक्षिरुग्णालयानें घार मांसाहारी म्हणून तिला घेतलें नव्हतें. तेथून या दोघांचें काम सुरू झालें. २०२० च्या आरंभीं शहरांत पेटलेली दंगल चित्रपटांत दुरून ऐकूं येते; कॅमेरा मात्र पेट्यांतील पक्ष्यांजवळच राहतो. चित्रीकरण सुमारें तीन वर्षें चाललें. एक घार झेप घेऊन मदतनीस तरुणाचा चष्मा घेऊन जाते. हें कोणास रचतां आलें असतें? निवड येथेंहि आहेच, हें गृहस्थ आतां आपण होऊन सांगतात.

सूनबाईंनीं हा चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. घारी पुन्हां उडतात कीं नाहीं, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें.